ठाण्यात मॉल सोडून आई आणि लहान मुलीला घेऊन वर्षभरात कुठे कुठे जाता येईल?

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून घोडबंदर रोडला राहायला येऊन चार महिने झाले, मुलगी सहा वर्षांची, आई सत्तरीच्या, आणि दर रविवारी त्याच मॉलच्या त्याच सरकत्या जिन्यावरून वर-खाली करून तिघंही कंटाळलात. समजू शकतो. मी नौपाड्यात वाढलो, आता वर्तकनगरला असतो. माझ्याकडे सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक, म्हणजे तुमच्यासारखाच संघ. एकीचे गुडघे दुखतात, दुसरीला दर वीस मिनिटांनी शू लागते.

कुठे जायचं हे तुम्हाला कुणीही सांगेल. किती वाजता जायचं ते विचारा. इथल्या प्रत्येक सणाची एक गर्दीची वेळ असते आणि एक घरच्यांची. मला ही दुसरी वेळ सापडायला दोन-तीन वर्षं लागली.

गुढीपाडव्याचंच घ्या. जांभळी नाक्यावरच्या कोपिनेश्वराच्या देवळातून सकाळी सात-साडेसातला स्वागतयात्रा निघते. पालखी, चित्ररथ, लेझीम, बुलेटवर फेटा बांधलेल्या बायका, सगळं असतं. लेक चार वर्षांची असताना आम्ही हौसेने राम मारुती रोडच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलो. तिला शिवलेली नऊवारी नेसवली होती, पण तिचा कासोटा दर पाच मिनिटांनी सुटत होता. बायकोच्या तोंडात दोन सेफ्टी पिना, माझ्या हातात तिसरी. तेवढ्यात ढोलपथक आलं. पहिल्या ठोक्याला पोरीने कानावर हात ठेवले, दुसऱ्याला माझ्या मांडीत तोंड खुपसलं. सासूबाईंना पालखी बघायची होती, त्यांना दिसल्या फक्त पुढच्यांच्या पाठी. शेवटी एका बंद दुकानाच्या रखवालदाराने आपलं स्टूल त्यांना दिलं. त्या दिवशीचं श्रीखंड आम्ही दुपारी तीनला खाल्लं, कुणी कुणाशी न बोलता.

आता आम्ही आदल्या संध्याकाळी तलावपाळीला जातो. मासुंदा तलावाकाठी दीपोत्सव असतो. तलावाच्या कडेने पणत्या, पाण्यात त्यांची थरथरती रांग, आणि बसायला कठडा. सासूबाईंना एवढं पुरे होतं. पाडव्याला सकाळी साडेसहालाच जांभळी नाक्याला पोचायचं, निघायच्या आधीच पालखीला हात जोडायचे, पहिले चार-पाच चित्ररथ बघायचे आणि ढोल जवळ आले की गल्लीत शिरायचं. आठला घरी. गाडी मात्र नेऊ नका, त्या दिवशी बरेच रस्ते बंद असतात.

दिवाळी पहाटेचंही तसंच. राम मारुती रोड आणि तलावपाळी त्या पहाटे कॉलेजच्या पोरापोरींची असते. नवे झब्बे, सेल्फी, तीन वर्षांनी भेटलेले मित्र. मीही त्या वयात पहाटे पाचला तिथे असायचो, त्यामुळे नावं ठेवणार नाही. पण आईंना घेऊन त्या गर्दीत शिरू नका. गाण्याचे कार्यक्रम सभागृहांतूनही होतात. आपल्या भागात कोण आयोजित करतंय ते वसुबारसेच्या आधीच विचारून पास घ्या, नंतर मिळत नाहीत.

दहीहंडीला टेंभीनाका किंवा वर्तकनगरला लहान मुलीला नेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. आवाज छातीत बसतो. मात्र गुरुपौर्णिमेपासून रात्री मैदानांत गोविंदांचा सराव चालू होतो, तो जरूर दाखवा. ना डीजे, ना निवेदक. नुसत्या शिट्ट्या आणि 'सांभाळ, सांभाळ'. खालच्या थरातला दणकट माणूस घामाघूम होऊन खांदे चोळत खाली बसतो आणि वरून उतरलेलं किडकिडीत पोर चहात पाव बुडवून खातं. माझ्या लेकीला हंडी फुटलेली आठवत नाही, तो पाव आठवतो.

टेंभीनाक्याची देवी तर चुकवू नका. आनंद दिघ्यांनी 1978 साली सुरू केलेला हा नवरात्रोत्सव. संध्याकाळी रांग कुठे संपते ते दिसत नाही. कामाच्या दिवशी दुपारी दोन-तीनला जा, अर्धा दिवस रजा पडली तरी चालेल. येताना मामलेदारची मिसळ. कमी तिखट सांगूनसुद्धा सासूबाई पदराने डोळे पुसतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच मागतात.

थंडीत जागोजागी मालवणी आणि आगरी-कोळी महोत्सव भरतात, तिथे जेवायलाच जायचं, बाकी स्टॉलवर तेच कुर्ते आणि तीच लोणची. आणि आईंना ऐकायची आवड असेल तर जानेवारीत नौपाड्याला रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते. मुलगी घरी ठेवा, आईंना एकट्या जाऊ द्या. त्यांच्या दोन मैत्रिणी तिथेच होतील.

आता माझा आवडता विषय, फ्लेमिंगो. नाशिकला नांदूरमध्यमेश्वर बघितलं असेल तर पक्ष्यांचं तुम्हाला नवल नाही, पण इथे ते शहराच्या पोटात आहेत. एका बाजूला टॉवर, एका बाजूला पूल आणि मधल्या चिखलात गुलाबी रांग. ठाणे खाडीचा हा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला. ऐरोलीला वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट निघते. पक्षी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात यायला लागतात, पण भरपूर बघायचे तर जानेवारीनंतर मे महिन्यापर्यंत.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते रविवारी सकाळी दहाला, भरपेट पोहे खाऊन. चौकशी केली तर बोट त्या दिवशी दुपारी होती. चूक सर्वस्वी माझी. बोट घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालते, हे खाडीकाठी जन्म काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, "रेल्वेचं टाइमटेबल पाठ आहे जावईबापूंचं, समुद्राचं नाही."

मग चेंदणी कोळीवाड्यातल्या ओळखीच्या एका काकांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. थोडं पुढे-मागे होतं, पण भिंतीवरचं कॅलेंडर बघून अंदाज बांधायला पुरतं. पाणी अगदी आटलं तर बोट चालत नाही, तुडुंब भरलं तर चिखल बुडतो आणि पक्ष्यांना चरायला जागा उरत नाही. मधली वेळ गाठायची. अर्थात आधी फोन करून बोटीची वेळ आणि तिकीट पक्कं केल्याशिवाय निघू नका, तिथी कितीही चांगली असली तरी.

बोटीत मुलीला टोपी घाला, बोटीचं इंजिन बंद झालं की तिला गप्प बसायला सांगा. त्या शांततेत चोचीने चिखल गाळल्याचा बारीक चुळबुळ आवाज येतो. माझ्या लेकीने तिथेच विचारलं, हे गुलाबी का? शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खातात, त्यातला रंग अंगात उतरतो, म्हटलं. ती दोन दिवस बीट मागून खात होती.

आईंना बोटीत चढवायची भीती वाटली तर नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला तळ्यांच्या काठावर जा. भरतीला खाडी भरली की पक्षी तिकडे येऊन उभे राहतात. तिथे पाऊणपटीचा हिशेब उलटा, भरतीलाच जायचं.

पावसाळ्यात सगळे येऊरच्या डोंगरावर पळतात. धबधब्यांवर दर वर्षी मनाई असते आणि दर वर्षी कुणीतरी जातंच. तुम्ही जाऊ नका. रस्त्याने चालून, कणीस खाऊन अंधाराच्या आत खाली उतरा. बिबट्याचं रान आहे ते. त्याऐवजी जूनच्या सुरुवातीला आईंना बाजारात घेऊन जा. डोंगरातल्या बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात, नंतर टाकळा आणि कंटोळी येतात. शेवळं घेतलीत तर सोबत काकडं, म्हणजे ती आंबट फळं मागून घ्या, नाहीतर घशाला खाज सुटेल. निवडायची कशी ते त्या बाईलाच विचारा, आईंचा अर्धा तास मजेत जाईल.

आणि तुमच्या घरापासून सगळ्यात जवळचं शेवटी, ओवळ्याची ओवळेकर वाडी. फुलपाखरांची बाग आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबरमधल्या एखाद्या रविवारी सकाळी जा, पण आदल्या दिवशी चौकशी करून. ऊन अंगावर आल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत, त्यामुळे या एका ठिकाणी पहाटे उठायची गरज नाही. नऊला पोचलात तरी चालेल.