चॅट डिलीट करू नका : पालकांचे प्रश्न

शाळांमध्ये सायबर सुरक्षेची सत्रं घेते, त्यामुळे पालकांचे मेसेज रोज येतात आणि बहुतेकांचा गोंधळ एकच, कुठलं अ‍ॅप चांगलं नि कुठलं वाईट. अ‍ॅपची नावं बदलत राहतात, अनोळखी माणूस मुलापर्यंत पोचायची पद्धत तीच राहते. काही प्रश्न इथे घेतेय.

मुलगी ११ वर्षांची आहे. वर्गात सगळ्यांचं इन्स्टाग्राम आहे म्हणून जन्मसाल २००५ टाकून अकाउंट काढून दिलं. चालेल ना? – आई, चिंचवड

नाही. १३ च्या आत चालत नाही. वर २००५ टाकलंत म्हणजे अ‍ॅपच्या लेखी ती मोठी बाई झाली, १३ ते १७ वयाच्या मुलांना आपोआप लागणारी बंधनं (अकाउंट प्रायव्हेट, अनोळखी लोकांचे मेसेज बंद) तिला लागणारच नाहीत. आजच बंद करा.

ओमेगल बंद झालं म्हणे. मग आता अनोळखी लोकांशी व्हिडिओ चॅटची भीती नाही ना? – मावशी, डोंबिवली

आहे. ओमेगल नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झालं, तेही अमेरिकेतल्या एका मुलीने केस केली म्हणून. ११ वर्षांची असताना त्या साईटने तिला एका विकृत माणसाशी जोडून दिलं होतं. तशा साईट अजून भरपूर आहेत, बटण दाबलं की समोर कोणीही. भाचीला विचारा, नावं तिला माहीत असतील.

मुलाला न कळता त्याचे सगळे मेसेज दाखवणारं अ‍ॅप ३ हजारात मिळतंय. घेऊ का? – बाबा, नाशिक

घेऊ नका. असं अ‍ॅप मुलाचे फोटो नि मेसेज कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर नेऊन ठेवतं, म्हणजे ज्या भीतीपोटी घेताय तेच पैसे देऊन करताय. गुगलचं फॅमिली लिंक फुकट आहे, मुलाला सांगून लावा.

मुलगा १५ वर्षांचा. बीजीएमआय खेळताना ओळख झालेल्या 'मुलीने' टेलिग्रामवर बोलावलं, व्हिडिओ कॉल रेकॉर्ड केला. मुलाने घाबरून ५ हजार भरले, आता २० मागतायत. मी रागात सगळे चॅट डिलीट केले, फोन काढून घेतला. एक 'एथिकल हॅकर' १५ हजारात व्हिडिओ कायमचा काढून देतो म्हणतोय. – बाबा, कोल्हापूर

दादा, आधी पोराजवळ जाऊन बसा आणि त्याला सांगा की गुन्हा त्या माणसाचा आहे, तुझा नाही. या लोकांचं सगळं भांडवल एकच असतं, पोरगा घरी सांगणार नाही. 'तुझ्या बापाला पाठवतो' ही धमकी चालते कारण पोराला माहीत असतं की घरी कळलं तर मार बसेल आणि फोन जाईल. म्हणजे 'फोन काढून घेईन' असं आपण उठताबसता म्हणतो ना, ते त्यांच्याच कामाला येतं. आणि हे फक्त मुलींच्या बाबतीत होतं असं धरून चालल्यामुळे मुलग्यांना घरात कोणी विचारतच नाही, पोरं आठवडेच्या आठवडे एकटी पैसे भरत बसतात.

चॅट डिलीट करायला नको होते, तो पुरावा होता. आता जे उरलंय ते जपा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, फोन नंबर, टेलिग्रामचं युजरनेम. इतरांनीही ऐका, ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्यायचे, आणि स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं म्हणून तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढायचा.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, आत्ता फोन करा, उद्या नाही. जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. पुढे एक रुपया भरू नका, भरलं की मागणी वाढते, तुम्ही बघताय.

तो हॅकर म्हणजे दुसरा चोर. दुसऱ्याच्या फोनमधला व्हिडिओ कोणीही 'कायमचा' काढून देऊ शकत नाही. 'टेक इट डाउन' नावाची फुकट सोय आहे, १८ च्या आत काढलेल्या फोटो-व्हिडिओसाठी, त्यात तुमच्याकडच्या व्हिडिओचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो, व्हिडिओ फोनबाहेर जात नाही आणि त्यात सहभागी असलेल्या कंपन्या तो ठसा जुळला की काढून टाकतात. तेही सायबर पोलिसांशी बोलून करा. आणि व्हिडिओ पुरावा म्हणूनसुद्धा कोणाला फॉरवर्ड करायचा नाही, मामाला नाही, ओळखीच्या वकिलाला नाही, लहान मुलाचा असा व्हिडिओ पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. फोन घेऊन पोलिसांकडे जा आणि दाखवा.

मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, 'जगायचं नाही' असं काही बोलला असेल तर त्याला एकटं ठेवू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर त्याच रात्री फोन करा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

पोलिसात गेलं की मुलीला ठाण्यात बसवतात, नाव पेपरात येतं, असं सगळे म्हणतात. – आजी, सातारा

'सगळे' कोण ते विचारा आजी. पॉक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) मुलीचा जबाब तिच्या घरी घ्यायची तरतूद आहे, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. नाव छापणं गुन्हा आहे. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर आधी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि जाताना वकील किंवा समुपदेशक बरोबर घ्या. पण जा.

स्नॅपचॅटच्या नकाशावर मुलगा कुठे आहे ते मित्रांना दिसतं. बंद कसं करायचं? – आई, ठाणे

घोस्ट मोड. त्यालाच लावू द्या, आणि यादीत ज्याला तो कधी प्रत्यक्ष भेटलेला नाही ते प्रत्येक नाव त्याच्याबरोबर बसून काढा.