पाच वर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग पॉलिशिंग मशिनने परत येतो का?

आपण विचारले आहे की, नाशिकच्या इंदिरानगरमधील सोसायटीत वडिलांची २०११ सालची लाल हॅचबॅक पाच वर्षे चिंचेच्या झाडाखाली उभी होती, तिचा रंग विटून गेला आहे, छतावर पांढरे चट्टे उठले आहेत आणि दोन गॅरेजवाल्यांनी पूर्ण गाडी रंगवायला सांगितली आहे. तर मशिन विकत घेऊन हे काम घरी करता येईल का? दारे, फेंडर आणि डिकी यांच्यापुरते माझे उत्तर होय असे आहे, बॉनेटबाबत बहुधा होय, आणि छताबाबत नाही. मी या धंद्यातला नाही. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी करतो आणि आजवर घरच्या व नातेवाइकांच्या मिळून सहा गाड्यांवर हे काम केले आहे, त्यांपैकी पहिली मी बिघडवली.

पॉलिश करणे म्हणजे रंगाचा वरचा निर्जीव झालेला थर घासून काढणे, एवढेच असते. त्याखाली निरोगी थर शिल्लक असेल तर तो चमकतो, नसेल तर मशिन काहीही करू शकत नाही. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारणपणे १०० ते १४० मायक्रॉन जाडी असते, आणि त्यात क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यांकडे ही जाडी मोजणारे छोटे यंत्र असते. कोणी ओळखीचे असेल तर तासाभरासाठी मागून घ्यावे आणि प्रत्येक पत्र्यावर चार-पाच ठिकाणी मोजावे. आकडा २०० च्या वर गेला तर तो भाग पूर्वी पुन्हा रंगवलेला आहे, त्याहून बराच वर गेला तर खाली पुट्टी आहे, आणि ८० च्या आसपास आला तर रंग मुळातच पातळ आहे किंवा कोणीतरी आधीच भरपूर रबिंग करून ठेवले आहे, तेथे मशिन टेकवू नये. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे यंत्र सहसा चालत नाही.

आपल्या गाडीवर क्लिअर कोट आहे की नाही हे आधी पाहावे. पांढऱ्या फडक्यावर थोडे कंपाउंड (रंग घासणारी, पॉलिशपेक्षा खरखरीत पेस्ट) घेऊन दाराच्या खालच्या कोपऱ्यात हाताने घासले असता फडके लाल झाले, तर वर पारदर्शक थर नाही आणि आपण थेट रंगच काढत आहात. अशा रंगाला चमक झटपट येते, पण तो संपतोही झटपट. छतावरच्या चट्ट्यांच्या कडा नखाला लागत असतील आणि कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटत असतील, तर तेथील क्लिअर कोटच सुटला आहे. त्यावर पॉलिश केल्याने चट्टा मोठा होतो. गॅरेजवाल्यांचे म्हणणे छतापुरते बरोबर आहे, पूर्ण गाडीपुरते मला पटत नाही.

मशिन सुरू करण्यापूर्वी एक पूर्ण दिवस निव्वळ सफाईला द्यावा. धुतलेल्या पत्र्यावरून प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून फिरवला तर जी खरखर जाणवते, ती बसलेल्या कणांची असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागात रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे बारीक कण हमखास सापडतात. आयर्न रिमूव्हर फवारला की ते जांभळे होऊन ओघळतात. डांबराचे ठिपके रॉकेलने निघतात, पण त्यानंतर तो भाग शाम्पूने धुवावा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसावेत व लगेच धुऊन टाकावेत. उरलेली खरखर क्ले बारने, म्हणजे कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या गोळ्याने, भरपूर शाम्पूचे पाणी लावत काढावी, आणि क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर तो फेकून द्यावा, कारण त्यात रुतलेला एक खडा बॉनेटभर चरे पाडतो. पक्ष्यांच्या विष्ठेने जेथे रंग खाल्ला आहे तेथील खळगा मात्र सफाईने जात नाही.

मशिन ड्युअल अ‍ॅक्शन प्रकारचेच घ्यावे. त्याचे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता हेलकावेही घेते, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. रोटरी मशिन एकाच आसाभोवती फिरते. ते जाणत्या हातात वेगाने काम करते आणि नवख्या हातात रंग जाळते. माझ्या पहिल्या गाडीच्या बॉनेटच्या कडेवर मी उसने आणलेले रोटरी मशिन जेमतेम काही सेकंद जास्त धरले, आणि पांढऱ्या रंगातून करड्या प्रायमरची बोटभर रेघ बाहेर आली, जी आजही तशीच आहे. कडांवर आणि पत्र्याच्या उभारांवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून तेथे मास्किंग टेप लावावी. बंपरला पत्र्यासारखी उष्णता वाहून नेता येत नाही, त्यामुळे तेथे वेग आणि दाब दोन्ही कमी ठेवावेत. काही जण वेल्डिंगच्या दुकानातील अँगल ग्राइंडरला स्पंज बसवून हे काम करतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे मारतो, तेव्हा रंगाचे काय होणार हे वेगळे सांगायला नको.

प्रथम डिकीवर दीड फूट बाय दीड फूट इतकीच जागा आखून चाचणी घ्यावी आणि सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ फोमपासून सुरुवात करावी. तेवढ्याने भागत नसेल तरच कंपाउंड आणि कडक पॅडकडे जावे. माझ्या अनुभवात इतक्या दुर्लक्षित गाडीला सहसा कंपाउंड लागतेच, पण हा क्रम चुकवू नये. पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब घ्यावेत, मंद वेगात पसरावेत, मग मशिनवरचा वेगाचा आकडा चार किंवा पाचवर नेऊन सेकंदाला सुमारे एक इंच या गतीने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येईल असे, आधी आडवे आणि मग उभे, एकूण चार ते सहा वेळा फिरवावे. पॅडमागच्या चकतीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. ती फिरताना दिसली नाही तर दाब जास्त झाला आहे किंवा पॅड तिरके धरले आहे. प्रत्येक तुकड्यानंतर पॅड ब्रशने झाडावे, आणि एका गाडीला किमान चार-पाच पॅड हाताशी असावेत, कारण गरम झालेला फोम बसतो आणि त्याची घासण्याची ताकद जाते. हे सर्व सकाळी सावलीत करावे. एप्रिलमधल्या दुपारी नाशिकमध्ये बॉनेटवर हात ठेववत नाही, आणि तेवढ्या उष्णतेत कंपाउंड लावताक्षणीच वाळून पावडर होते. पार्किंगच्या फरशीवर आधी पाण्याचा सडा घातला, तर धूळही उडत नाही.

तुकडा झाला की पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनच परीक्षण करावे. कंपाउंडमधील तेल चऱ्यांमध्ये भरून बसते आणि काम झाल्याचा भास निर्माण करते. एका दुकानातून पॉलिश करून आणलेल्या माझ्या मामांच्या गाडीची चमक दोन धुण्यांत उतरली, ती याच कारणाने. मग टॉर्च तिरका धरून पाहावे. जो ओरखडा नखाला अडकतो तो पॉलिशने जाण्याइतका उथळ नाही, त्याच्या मागे लागू नये. जाडी मोजणाऱ्या यंत्राने पुन्हा मोजून मी एकूण ५ ते ७ मायक्रॉन कमी झाले की थांबतो, चरे उरले असले तरी. चौदा-पंधरा वर्षांच्या गाडीला आरशासारखे करण्याचा हट्ट धरणाऱ्यांशी माझे पटत नाही, कारण पुढील उन्हाळे तिला त्याच थरावर काढायचे असतात.

शेवटी सौम्य पॉलिशचा एक हात आणि त्यावर सीलंट, म्हणजे रंगाचे रक्षण करणारा लेप द्यावा, जो दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणाऱ्या माणसाला तेवढे काम थांबवायला सांगावे. त्या फडक्यातील धूळच गोल चरे पाडते. आम्ही आमच्या माणसाला पैसे तेवढेच देतो आणि गाडी फक्त रविवारी, भरपूर पाण्याने धुवायला सांगतो.

छत मात्र पेंटरकडून रंगवून घ्यावे, आणि तेही बाकीची गाडी पॉलिश झाल्यावर, कारण त्याला रंगाची छटा जुळवायला खरा लाल रंग समोर दिसला पाहिजे, विटलेला नव्हे. नव्या रंगावर निदान एक-दोन महिने मेण किंवा सीलंट लावू नये. आतील थिनर बाहेर पडायला तेवढा वेळ द्यावा लागतो.