सिकलसेल 'एसएस' (म्हणजे नुसती वाहक नव्हे, प्रत्यक्ष आजार) असलेल्या गरोदर सुनेला आशाताईंनी दिलेली लाल गोळी पुरेशी आहे का?

नाही, तिला फोलिक अॅसिडची ५ मिलिग्रॅमची वेगळी गोळी रोज लागते, तीही बाळंतपणापर्यंत. लाल गोळीत फोलिक अॅसिड फक्त अर्धा मिलिग्रॅम आणि लोह ६० मिलिग्रॅम असतं, म्हणून दोन-चार लाल गोळ्या जास्त खाऊन भरपाई करू नका, लोहच वाढेल. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते, सिकलसेलची १० ते २० दिवसांत फुटते. नव्या पेशी सतत बनवाव्या लागतात आणि त्यातच फोलेट, म्हणजे शरीरातलं फोलिक अॅसिड, खर्च होतं. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांतही हाच डोस आहे. सून नुसती वाहक, म्हणजे 'एएस' असेल, तर नेहमीचाच डोस चालतो. तिचं सिकलसेल तपासणीचं कार्ड एकदा नीट वाचा.

लोहाचं मात्र वेगळं. आधी बऱ्याचदा रक्त चढवलं असेल तर अंगात लोह साठलेलं असू शकतं, तेव्हा लाल गोळी चालू ठेवायची की नाही हे फेरिटिन (साठलेल्या लोहाची रक्ततपासणी) तपासून डॉक्टरच ठरवतील. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध चालू असेल तर ते आजच त्यांना सांगा. गडचिरोली-चंद्रपूरकडे असाल आणि मलेरियाचं औषध सुरू झालं, तर ५ मिलिग्रॅमच्या गोळीबद्दलही सांगा; सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन या मलेरियाच्या औषधाचा असर त्या गोळीने कमी होतो.