विचारा बिनधास्त: 'सव्वासातला उठीव' म्हटलं की मशीन गडबडतंय

या खेपेला पत्रांत निम्मी पत्रं एकाच गोष्टीवर, बोलून चालणारा फोन आणि बोलून चालणारा स्पीकर. म्हटलं चला, बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यात, यावेळी हेच घेऊया.

माझे सासरे ७८ वर्षांचे. फोनवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत म्हणून मुलानं बोलणारा स्पीकर आणला. मामंजी त्याला म्हणतात, 'ए बाबा, आज पाऊस कवा लागायचा सांग की', आणि ते म्हणतंय समझ में नहीं आया. मामंजी चिडले, माझ्याच घरात बसून मला हिंदी शिकिवतंय व्हय म्हणाले, आणि त्यावर टॉवेल टाकून ठेवलाय. आमचं बोलणं हे मशीन कधी शिकणार?
– एक सूनबाई, कसबा बावडा

वहिनी, पहिलं म्हंजे मामंजींचं काही चुकलेलं नाही. या मशीनमध्ये तीन कामं होत असतात, आवाजाचे शब्द करायचे, शब्दांचा अर्थ लावायचा, मग उत्तर बोलून दाखवायचं, आणि आपलं घोडं पहिल्याच कामावर अडतंय. मशीन शिकतं कशावर, तर आधी कुणीतरी बोललेल्या आणि शेजारी लिहून ठेवलेल्या वाक्यांवर. त्यात बातम्यांची भाषा, पुस्तकातली भाषा भरपूर, पण 'कवा', 'औंदा', 'काय करालाईस' असलं कुणी लिहून ठेवलंय का? आपल्या कोल्हापूरकडं बायकासुद्धा 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, ते ऐकून पुण्याचा पाव्हणा गडबडतो तिथं मशीनची काय कथा.

पण हे जितक्या लवकर सुधारतंय ते बघितलं की मला तरी आशा वाटते. १९६२ साली आयबीएमनं शूबॉक्स नावाचं मशीन दाखवलं होतं, त्याला इंग्रजी आकडे धरून सगळे मिळून १६ शब्द कळायचे. आयफोनमध्ये सिरी आली २०११ ला, अमेरिकेत अलेक्साचा स्पीकर आला २०१४ ला, आपल्याकडं तो आला २०१७ ला आणि त्याला हिंदी यायला २०१९ उजाडलं. मराठीत बोलून टाईप करायची सोय गूगलनं २०१७ ला दिली, गूगलचा बोलका मदतनीस, म्हंजे असिस्टंट, मराठी बोलायला लागला २०१८ ला, आणि गूगलच्याच नव्या जेमिनीशी मराठीत सरळ गप्पा मारायची सोय २०२४ ला झाली.

यात खरा फरक पडलाय तो या जेमिनीसारख्या नव्या मशीनांमुळं. जुन्या असिस्टंटला ठरलेल्या साच्यातलं वाक्य लागायचं, एक शब्द इकडचा तिकडं झाला की गाडी बंद. आताची मशीनं मागचं पुढचं बघून अंदाज बांधतात, म्हंजे 'कवा'चं जरी 'कावा' ऐकलं तरी पाऊस आणि लागायचा हे दोन शब्द सापडले की गडी काय विचारतोय ते ओळखतात. त्यामुळं टॉवेल काढा, स्पीकर नातवाला गाणी ऐकायला द्या आणि मामंजींच्या फोनवर भाषा मराठी करून तिथं बोलायला लावा. एक मात्र सांगून ठेवा, आजचा पाऊस विचारायचा, औंदा पंचगंगेला पूर येणार का हे विचारायचं नाही, कारण ते 'माहीत नाही' म्हणायला लाजतं आणि छातीठोकपणे काहीतरी ठोकून देतं.

सव्वा-पावणेचा घोळ वेगळाच, तो माझ्यावरच बेतलाय. मिरजेहून पहाटेची गाडी धरायची होती, रात्री फोनला म्हटलं 'पावणेचारला उठव', आणि निवांत झोपलो. त्यानं चारचा गजर लावला. पंधरा मिनिटांचा फरक, पण स्टँडवर पोचलो तेव्हा एस्टी नुकतीच सुटलेली, पुढचं सगळं दिवसभराचं रामायण सांगत बसत नाही. तेव्हापासून मी 'तीन पंचेचाळीस' म्हणतो आणि स्क्रीनवर डोळ्यांनी बघतो. दीड, अडीच, साडेतीन, पावणेदोनशे ही आपली रोजची मापं, मंडईत पोरंटोरंसुद्धा त्यात हिशोब करतात, आणि माझ्या मते बोलणारं मशीन मराठी झालं की नाही याची परीक्षा इथंच घ्यावी, 'नमस्कार, मी तुमची काय मदत करू' या गोड बोलण्यावर नाही.

हे सुधारायला आपला हातभार लावता येतो. मोझिलाचा कॉमन व्हॉइस म्हणून प्रकल्प आहे त्यात मराठी आहे, केंद्र सरकारच्या भाषिणी या भारतीय भाषांच्या प्रकल्पाचं भाषादान आहे, तिथं वाक्य वाचून आपला आवाज देता येतो. फक्त वाचायला जे वाक्य देतात ते बहुतेक पुस्तकी असतंय, म्हंजे परत तेच. मामंजींसारख्या माणसाला मोकळं बोलू देऊन ते रेकॉर्ड करून लिहून काढलं तर खरी कोल्हापुरी मशीनच्या कानावर पडेल, आणि हे काम आपल्या विद्यापीठातल्या मराठीच्या पोरांनी मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे.

शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. हात ऑईलनं बरबटलेले असतात, फोन धरता येत नाही. मापं बोलून लिहून घेता येतील का? पुढं मशीनसुद्धा बोलून चालवता येईल का?
– एक वर्कशॉपवाले

दादा, लिहून घ्यायला आजच येईल. ब्लूटूथचा हेडसेट घ्या ज्याचा माईक तोंडाजवळ येतो, कारण खिशातल्या फोनला लेथ आणि शेजारचा ग्राइंडर दोन्ही एकदम ऐकू येतंय. माप 'साडेबारा' न म्हणता 'बारा पॉईंट पाच' म्हणा, आणि लिहिलेलं परत वाचून दाखवायला सांगा. बारा पॉईंट पाचचं बावीस पॉईंट पाच झालं तर जॉब भंगारात. मशीन चालू-बंद मात्र बोलून नको, आज नको आणि दहा वर्षांनीही नको, शेजारचा पोरगा 'चालू कर रे' म्हणून कुणाला तरी ओरडला आणि जॉब धरणारा चक फिरला तर बोटं कुणाची जाणार?

आम्ही घरात नव्या चपलांविषयी बोललो आणि दुसऱ्या दिवशी फोनवर चपलांच्याच जाहिराती. हे सगळं ऐकत असतंय का?
– राजारामपुरीतून एक ताई

ताई, चप्पल लाईनच्या कोल्हापुरात राहून चपलेची जाहिरात येणं यात तसं नवल काय! पण प्रश्न रास्त आहे. स्पीकरचा माईक कायम चालू असतो, पण तो स्वतःच्या हाकेचा शब्द धुंडत असतो, ते काम तिथल्या तिथं छोट्याशा चिपवर होतं आणि हाक ऐकू आली की पुढचं बोलणं कंपनीकडं जातं. भानगड अशी की हाक मारलीच नाही तरी कधी कधी त्याला तसा भास होतो. २०१९ मध्ये उघड झालं की अॅपल, गूगल, अॅमेझॉन या तिघांकडंही काही रेकॉर्डिंग माणसं बसून ऐकत होती, मशीन सुधारायला म्हणून. पुढं अॅपलनं अमेरिकेत अशाच खटल्यात साडेनऊ कोटी डॉलर द्यायची तडजोड केली, चूक मात्र कबूल केली नाही. जाहिराती बहुतेक तुम्ही किंवा घरातल्या कुणी काय शोधलं, कुठं फिरलात त्यावरून येतात, त्याला कान लागतच नाहीत. तरी सेटिंगमध्ये जाऊन जुनी रेकॉर्डिंग पुसा, आणि घरात पैशाअडक्याचं, लग्नाबिग्नाचं बोलणं असेल तेव्हा स्पीकरवरचं माईक बंद करायचं बटण दाबा. आपला डेटा संरक्षण कायदा २०२३ ला झालाय खरा, पण बटण आपल्या हातातलं.

बोलून पैसे पाठवायची सोय आली म्हणतात. आईला शिकवू का?
– गडहिंग्लजहून एक वाचक

साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे २०२२ ला आलं, बोलून व्यवहार करायचं हॅलो यूपीआय २०२३ ला जाहीर झालं. शिकवा, पण पिन तोंडानं कधीच सांगायचा नाही, बोटानंच दाबायचा, हे आधी शिकवा. आणि आता कुणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो. 'आई, मी अडकलोय, लगेच पैसे पाठव' असा तुमच्या आवाजात फोन आला तर आईनं काय विचारायचं ते आजच दोघांनी ठरवून टाका. घरातल्या म्हशीचं नाव चालेल.

माझा सात वर्षांचा मुलगा स्पीकरवर ओरडतो, 'ए, गप की!' वळण बिघडेल का?
– कळंब्याची एक आई

स्पीकरला राग येत नाही हो. पण तो घरात अजून कुणाला असं बोलतो आणि ते कुणाचं ऐकून शिकला, हे जरा जेवताना बघा.