डोंगरांचं रंगीत लिनोकट कसं पाहावं?

प्रश्न: हिमशिखरांचं रंगीत लिनोकट (लिनो म्हणजे लिनोलियमचा तक्ता कोरून, त्यावर शाई लावून छापलेलं चित्र) घेतलं. खाली पेन्सिलीनं ७/२० लिहिलंय. बर्फालगतच्या एका काळ्या कड्याला बारीक पिवळी रेघ दिसते. छपाई सदोष आहे का?

उत्तर: नाही. अशी चित्रं अनेकदा एकाच लिनोवर होतात. आधी फिकट रंग छापायचा, जिथे तो राहायला हवा तो भाग लिनोवरून कोरून काढायचा, मग वर पुढचा गडद रंग. पिकासोनंही ही पद्धत वापरली. लिनो कोरून संपत जातो, म्हणून ठरलेल्या वीस प्रतींपुढे एकही निघत नाही. तुमची ७ क्रमांकाची. दर रंगाला कागद त्याच जागी बसवावा लागतो. अर्धा मिलिमीटर सरकला तरी खालचा पिवळा डोकावतो. एवढ्यावरून चित्र कमी लेखू नका. सगळ्याच आकारांच्या कडेला अशी रेघ असेल, तर मात्र काम ढिलं.

बर्फ म्हणजे बहुधा कोरा कागदच! चित्र खिडकीपाशी तिरकं धरा, गडद दऱ्यांत शाईचे थर चढलेले दिसतील. आकाशात निळा अलगद गुलाबी होत असेल, तर शाई लावायच्या रोलरवर दोन शाया शेजारी लावून त्या मिसळल्यात. जोड दिसत नसेल तर हात तयार आहे. सपाट रंगात पांढुरके ठिपके दिसले, तर शाई किंवा दाब कमी पडला.

फ्रेम करताना काच शाईला टेकू देऊ नका.