शिफारस करण्याआधी दोन दिवस थांब

पहिलं परीक्षण लिहायला बसलायस म्हणून सांगतो. सिनेमा चांगला आहे का आणि तो दुसऱ्याला बघायला सांगावा का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. छायाचित्रण देखणं, अभिनय नेटका, पण थिएटरबाहेर रिक्षा मिळेपर्यंत मनात काही उरलेलं नसतं, असे सिनेमे मी ढिगाने पाहिलेत. त्यांना बरे म्हणतो. तिकीट काढ असं कुणाला सांगत नाही.

दोन दिवसांनी कुठलं दृश्य आपणहून आठवतं, ते बघ. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्या या शाळकरी दलित मुलाचं कुटुंब डुकराच्या मागे लागलंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो, मग घरचेही जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निसटतं. जात, शाळा, देश, सगळं त्या काही क्षणांत येतं, तेही भाषणाशिवाय. असं दृश्य सापडलं की तेच उलगडून लिही, कथानक सांगत बसू नकोस.

आणि शिफारस कुणासाठी, हे स्पष्ट सांग. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' मला फार जवळचा. त्यात प्रसंग संपला तरी कॅमेरा हलत नाही, बघत राहतो. वेगाची सवय असलेल्याला ते जड जाईल, हे आधीच लिहून टाक. मराठी सिनेमा आहे म्हणून सांभाळून मात्र घेऊ नकोस. एकदा फसलेला वाचक पुढच्या चांगल्या मराठी सिनेमालाही जात नाही.