मंद सुपरनोव्हा अवशेषांवर, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या फिकट उरलेल्या कवचांवर, पीएचडी करायची, तर क्ष-किरण निवडू की रेडिओ? गाईड म्हणतात, त्यात नुसता नॉईज आहे.

दोन्ही लागतात. पण तुमच्या गाईडचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे जीएमआरटीचा, म्हणजे पुण्याजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा, ६१० मेगाहर्ट्झचा डेटा होता. पंधरा दिवस फ्लॅगिंग (खराब डेटा काढणं) आणि कॅलिब्रेशन करून नकाशा काढला. एका कोपऱ्यात तुटक कंस, बाकी सगळं कोरं. सर म्हणाले, "नॉईज आहे, सोड." मी म्हटलं, सर, खोडदच्या डिश पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरल्यात, पण अगदी शेजारच्या दोन डिशमध्येही शंभरेक मीटर अंतर आहे. या वारंवारतेला साधारण १७ आर्कमिनिटांहून (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोठी, सपाट पसरलेली चमक त्यांना पकडताच येत नाही, उरतात फक्त कडा. मग नकाशा कोरा आहे म्हणून तिथे काही नाही, असं कसं म्हणायचं? लांबच्या बेसलाइनचं (बेसलाइन म्हणजे दोन डिशमधलं अंतर) वजन कमी करून पुन्हा इमेज केली, तर कंस सलग दिसला. त्याच जागी २४ मायक्रॉनच्या अवरक्त नकाशात ऊबदार धूळ नव्हती, म्हणजे तो तरुण ताऱ्यांभोवतालचा ढग असण्याची शक्यता कमी. सरांनी ते पाहिलंच नाही. प्रबंधातून प्रकरण गेलं.

२०२१ मध्ये ईरोसिटा या क्ष-किरण अवकाश-दुर्बिणीच्या पहिल्याच आकाश-सर्वेक्षणातून 'होइंगा' हा अवशेष सापडला. व्यास ४.४ अंश, म्हणजे जवळजवळ नऊ पौर्णिमेचे चंद्र ओळीने. क्ष-किरणांत दिसल्यावर जुनी रेडिओ सर्वेक्षणं उघडली, तर त्यांतही तो होताच. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून इतक्या लांब बघायला कोण जातं! तो पेपर मी त्या रात्री दोनदा वाचला.

उलटंही घडतं. जी१.९+०.३ हा अवशेष रेडिओत आधी सापडला, पण १९८५ च्या रेडिओ नकाशाशेजारी 'चंद्रा' या अवकाश-दुर्बिणीचं २००७ चं क्ष-किरण चित्र ठेवलं, तेव्हा तो किती वेगाने फुगतोय ते कळलं. वय जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं. आपल्या आकाशगंगेत असे हजाराहून जास्त अवशेष असावेत असा अंदाज आहे, यादीत आहेत तीनशेच्या आसपास. उरलेले मंदच असणार. त्यांना नॉईज म्हणून टाकून दिलं तर ते सापडायचे कसे?

एक मात्र लक्षात ठेवा. पट्ट्यातला वायू मऊ क्ष-किरण गिळतो आणि म्हातारे अवशेष थंड होऊन क्ष-किरणांत विझतात, तिथे रेडिओच कामाला येतो. शिवाय प्रत्येक कंस अवशेष नसतो. तरुण ताऱ्यांभोवतालचे आयनित वायूचे ढगही तसेच दिसतात, आणि यादीतली काही नावं पुढे तसलीच निघाली. त्यासाठी दोन वारंवारतांवरून वर्णपटाचा उतार, म्हणजे वारंवारतेनुसार चमक कशी बदलते ते, काढावा लागतो. माझ्याकडे एकच होती. सरांनी दुसरी मागितली असती तर मी गप्प बसलो असतो. त्यांनी मागितली नाही.

तुम्ही प्रस्तावात जीएमआरटीचे बँड-३ आणि बँड-४ हे दोन वारंवारता-पट्टे, दोन्हींसाठी वेळ मागा. गाईडसमोर जाताना आधी सर्वांत छोट्या बेसलाइनचा आकडा ठेवा, नकाशा नंतर.